मिशिगनचा २०२३ चा फुटबॉल हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगन विद्यापीठ ज्या गावात आहे त्या ॲन आर्बरला मुलं शिकायला पाठवणारे पालक, डेट्रॉइटच्या आसपास नव्यानं राहायला आलेली मंडळी आणि पुण्या-नाशिकचे आमचे नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. मिशिगन विद्यापीठाच्या संघानं २०२३ च्या हंगामात पंधरापैकी पंधरा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच हंगामात संघावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा आरोपही झाला. इथे दोन्ही गोष्टींबद्दल लिहिलं आहे. मी प्रशिक्षक नाही की पत्रकार नाही. ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर राहते, माझा मुलगा तेव्हा तिथे शिकत होता आणि तो हंगाम मी पहिल्या शनिवारपासून शेवटपर्यंत पाहिला आहे.

१. हा कुठला फुटबॉल? आपण पायानं खेळतो तो नाही का?

नाही. आपल्या फुटबॉलला अमेरिकेत सॉकर म्हणतात. इथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात उतरतात. मैदान १०० यार्ड लांब, आणि त्याच्या दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन. पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबत असल्यामुळे सामना साडेतीन तास चालतो. जेवणखाण उरकून बसा.

२. चार "डाउन" म्हणजे काय? हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

खरं आहे, खेळाचं सगळं गणित यातच आहे. हा जमीन कमावण्याचा खेळ आहे. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर नवे चार प्रयत्न मिळतात. नाही गेले, तर चेंडू आहे त्या जागी समोरच्यांना द्यावा लागतो. पुढे जायचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायचा आणि दुसऱ्यानं झेलायचा, किंवा रनिंग बॅकनं तो छातीशी कवटाळून समोरच्या भिंतीत घुसायचं.

तीन प्रयत्न फुकट गेले की बहुतेक संघ चौथ्यावर चेंडू लाथेनं लांब उडवतात. त्याला पंट म्हणतात. निदान समोरच्यांना मागून सुरुवात करावी लागते. पण कधी कधी प्रशिक्षक चौथ्या प्रयत्नावरही जुगार खेळतो. तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहतं. मिशिगनचा हा हंगाम अशाच एका चौथ्या प्रयत्नावर तरला आणि प्रतिस्पर्ध्याच्या तशाच एका चौथ्या प्रयत्नावर अंतिम सामन्यात पोचला (प्रश्न १३ पाहा).

३. गुण कसे मोजतात?

चेंडू एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला की आणखी १, किंवा जवळून पुन्हा चेंडू आत नेला की २. टचडाउन जमत नसेल तर लांबून खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे ३. समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं की सेफ्टी, २ गुण.

४. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखभर लोक कसे जमतात?

हा प्रश्न भारतातून येतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्यांना खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक सोडले तर फारसं कुणी नसतं, त्यामुळे आश्चर्य वाटणं साहजिक आहे.

मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. वानखेडेवर साधारण ३३ हजार माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे एकत्र करूनही हे भरायचं नाही. ॲन आर्बरची स्वतःची लोकसंख्या साधारण १ लाख २४ हजार. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावात आणखी एक गाव येऊन बसतं. स्टेडियम १९२७ चं आहे आणि बरंचसं जमिनीखाली खणलेलं आहे. बाहेरून ते एवढं मोठं वाटतच नाही. आत शिरून कठड्यापाशी उभं राहिलं की एकदम पायांखाली उतरत गेलेली ती निळी-पिवळी दरी दिसते. मला पहिल्यांदा पंढरीच्या वाळवंटाची आठवण झाली होती.

गर्दीचं कारण जुनं आहे. मिशिगननं पहिला सामना १८७९ मध्ये खेळला. व्यावसायिक लीग १९२० ची, म्हणजे चार दशकं नंतरची. लोकांची निष्ठा आधी विद्यापीठाशी जडली आणि ती घरात वारसा म्हणून चालत राहिली. आजोबा, वडील आणि नात एकाच बाकावर बसलेली मी दर वर्षी पाहते.

५. हंगाम किती मोठा असतो?

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यापासून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बारा सामने, बहुतेक शनिवारी. त्यानंतर आपल्या गटाची अंतिम फेरी गाठली तर तो एक. २०२३ मध्ये त्यापुढे राष्ट्रीय उपांत्य आणि अंतिम, असे जास्तीत जास्त पंधरा. मिशिगनचा गट म्हणजे बिग टेन. नावात दहा असले तरी तेव्हा त्यात १४ संघ होते, २०२४ पासून १८ आहेत. नावावर जाऊ नका.

६. पंधरापैकी एखादा सामना हरला असता तर काय बिघडलं असतं? क्रिकेटमध्ये तर दोन-तीन हरूनही कप मिळतो.

इथेच या खेळाचा पीळ आहे. आयपीएलमध्ये चौदा साखळी सामने असतात, चार-पाच हरलेला संघही पुढे जातो. इथे १३० हून अधिक संघ एकाच वरच्या पातळीवर खेळतात, सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडणं शक्यच नाही. म्हणून एक निवड समिती क्रमवारी लावते. २०२३ पर्यंत त्यातले फक्त चार संघ बाद फेरीत जायचे. एक पराभव कसाबसा खपायचा, दोन झाले की आशा सोडायची.

आणि कधी कधी एकही पराभव नसताना दार बंद व्हायचं. त्याच वर्षी फ्लोरिडा स्टेटचा संघ १३ पैकी १३ जिंकला, आपल्या गटाचा विजेता झाला, तरी समितीनं त्यांना पाचव्या क्रमांकावर ठेवलं. त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस पाय मोडून बसला होता आणि त्याच्याशिवाय संघ तेवढा उरला नाही, असं समितीचं म्हणणं. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा हे चौघे आत गेले. मी मिशिगनची असूनही सांगते, त्या पोरांवर अन्याय झाला. मैदानावर जिंकलेल्याला कागदावर हरवलं गेलं. २०२४ पासून बाद फेरीत बारा संघ घेतात.

७. सगळे निकाल एका जागी द्याल का?

क्रमानं देते. ईस्ट कॅरोलायना ३०-३, यूएनएलव्ही ३५-७, बोलिंग ग्रीन ३१-६, रटगर्स ३१-७, नेब्रास्का ४५-७, मिनेसोटा ५२-१०, इंडियाना ५२-७, मिशिगन स्टेट ४९-०, पर्ड्यू ४१-१३, पेन स्टेट २४-१५, मेरीलँड ३१-२४, ओहायो स्टेट ३०-२४. गटाच्या अंतिम सामन्यात आयोवा २६-०. रोझ बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात, अलाबामा २७-२०. राष्ट्रीय अंतिम सामन्यात वॉशिंग्टन ३४-१३.

पहिल्या नऊ सामन्यांत समोरच्यांना एकदाही १३ च्या वर जाऊ दिलं नाही. हंगामभरात सामन्यामागे सरासरी १०.४ गुण दिले, देशात सर्वांत कमी. लोकांच्या तोंडी क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी आणि रनिंग बॅक ब्लेक कोरम यांची नावं असतात, पण हा हंगाम बचावफळीचा होता. तिची आखणी जेसी मिंटर यांची.

८. त्याआधीची वर्षं कशी होती? एकदम कसे जिंकले?

एकदम नाही. जिम हारबॉ स्वतः १९८० च्या दशकात मिशिगनचे क्वार्टरबॅक होते. २०१५ च्या हंगामापासून ते प्रशिक्षक म्हणून परतले. २०२० मध्ये कोविडमुळे छोट्या झालेल्या हंगामात दोन विजय आणि चार पराभव पदरी पडले, आणि त्यांना काढा म्हणणारे थोडेथोडके नव्हते. २०२१ आणि २०२२ मध्ये संघानं ओहायो स्टेटला हरवून बिग टेन जिंकली, पण दोन्ही वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीत अडखळला. आधी जॉर्जियाकडून ११-३४, मग टीसीयूकडून ४५-५१.

हा दुसरा पराभव जिव्हारी लागला. ब्लेक कोरम गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो सामना खेळूच शकला नव्हता. व्यावसायिक लीगमध्ये जाण्याची वाट मोकळी असताना तो परतला. झॅक झिंटर, ट्रेव्हर कीगन असे ज्येष्ठ खेळाडूही थांबले. २०२३ चा संघ जुना, मुरलेला होता तो त्यामुळे.

९. हारबॉ सहा सामन्यांत मैदानावर नव्हते म्हणतात. आजारी होते का?

नाही, निलंबित होते. दोनदा, आणि दोन वेगवेगळ्या कारणांसाठी. लोक इथे हमखास गोंधळ करतात.

पहिले तीन सामने (ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही, बोलिंग ग्रीन) त्यांना विद्यापीठानंच बाहेर ठेवलं. कोविडकाळात होतकरू खेळाडूंना भेटायला बंदी असताना भेटी झाल्या, असं प्रकरण होतं. लोक त्याला बर्गरचं प्रकरण म्हणतात, कारण त्यात एका न्याहारीचा आणि बर्गरचा उल्लेख होता. पण महाविद्यालयीन खेळांची संघटना एनसीएए हिचा मुख्य आक्षेप चौकशीत खरं न सांगितल्याचा होता.

शेवटचे तीन साखळी सामने (पेन स्टेट, मेरीलँड, ओहायो स्टेट) बिग टेननं बंदी घातली, ती खुणा चोरण्याच्या प्रकरणावरून (प्रश्न १० पाहा). निर्णय शुक्रवारी, १० नोव्हेंबरला आला, आणि पेन स्टेटचा सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. विद्यापीठ न्यायालयात गेलं, पण आठवड्याभरात माघार घेऊन शिक्षा मान्य केली.

दोन्ही वेळी हारबॉ आठवडाभर सराव घेऊ शकत होते, फक्त सामन्याच्या दिवशी मैदानावर यायचं नाही. पहिल्या तीन सामन्यांत सहायक प्रशिक्षकांनी आळीपाळीनं काम पाहिलं. शेवटच्या तिन्हींत त्यांच्यापैकीच शेरोन मूर होते.

१०. खुणा चोरणं म्हणजे नेमकं काय? समोरच्याचे हातवारे ओळखणं हा गुन्हा कसा?

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते. २०२३ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये रेडिओ नसायचा. प्रशिक्षक बाजूला उभं राहून हातवारे करून आणि मोठमोठे चित्रफलक दाखवून पुढची चाल कळवायचे. सामना चालू असताना त्या खुणांचा अर्थ लावणं नियमात बसतं. बोलरच्या मनगटावरून गुगली ओळखावी तसंच ते. पूर्वीच्या सामन्यांचं दूरचित्रवाणीवरचं चित्रण पाहून अभ्यास करणंही चालतं.

चालत नाही ते असं : पुढे ज्यांच्याशी आपला सामना आहे त्यांच्या दुसऱ्या सामन्याला आपली माणसं पाठवून टेहळणी करणं. ही बंदी १९९४ पासून आहे. मिशिगनचा एक कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, यानं अशा सामन्यांची तिकिटं काढून माणसं बसवली आणि खुणांचं चित्रण करून घेतलं, असा ठपका होता. २० ऑक्टोबरला त्याला निलंबित केलं गेलं आणि ३ नोव्हेंबरला त्यानं राजीनामा दिला. २०२४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आला.

मला विचाराल तर हे चुकीचंच होतं, आणि "सगळेच करतात" हे उत्तर मी माझ्या मुलाच्या तोंडूनही ऐकून घेतलं नाही. पण तो कर्मचारी गेल्यानंतरच हंगामातले सगळ्यांत अवघड सामने झाले. पेन स्टेट, ओहायो स्टेट, अलाबामा, वॉशिंग्टन. ते संघानं आपल्या बळावर जिंकले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. शिक्षेचं काय झालं ते प्रश्न १६ मध्ये.

११. पेन स्टेटविरुद्ध उत्तरार्धात एकही पास टाकला नाही, हे खरं?

अधिकृत आकडेवारीत खरं. एकदा चेंडू फेकला होता, पण समोरच्याची चूक धरली गेल्यामुळे तो पास म्हणून मोजला गेला नाही. तो सोडला तर सलग ३२ वेळा मिशिगननं चेंडू घेऊन फक्त धावायचं ठरवलं.

मुख्य प्रशिक्षक नाही, परक्या मैदानात एक लाखाहून जास्त लोक गळा फाडून ओरडताहेत, आणि मूर यांचं धोरण एकच : आम्ही काय करणार हे तुम्हाला कळू दे, अडवता येत असेल तर अडवा. कोरमनं १४५ यार्ड काढले. मॅकार्थीनं सबंध सामन्यात आठच पास टाकले. पाहायला हा सामना रुक्ष वाटतो. मला तो फार आवडतो. सामना संपल्यावर मूर यांच्यासमोर माइक धरला, तर ते सहा फुटांचं दांडगं शरीर हुंदक्यांनी हलत होतं. हारबॉंचं नाव घेतलं आणि पुढे बोलता येईना. आमच्या दिवाणखान्यात कुणीच काही बोललं नाही.

पुढच्याच शनिवारी मेरीलँडला हरवून मिशिगनचे एकूण विजय १,००० झाले. कॉलेज फुटबॉलमध्ये हा आकडा गाठणारा तो पहिला संघ.

१२. ओहायो स्टेटच्या सामन्याचं एवढं काय? तो तर अंतिम सामनाही नव्हता.

ॲन आर्बरमध्ये त्याला नुसतं "द गेम" म्हणतात. दोन्ही संघ १८९७ पासून खेळताहेत. त्याआधीही या दोन राज्यांत वाद होता. १८३५ मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडे सैन्यं जमवण्यापर्यंत मजल गेली होती. सीमावाद पिढ्यान्‌पिढ्या कसा चिघळत राहतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला उत्तरेकडचा द्वीपकल्प मिळाला.

२५ नोव्हेंबर २०२३ ला दोन्ही संघ अकरापैकी अकरा सामने जिंकून समोरासमोर आले. तिसऱ्या भागात १७-१७ अशी बरोबरी असताना मिशिगनचा कर्णधार झॅक झिंटर खाली पडला. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. एक लाखाहून जास्त माणसं गप्प झाली. थंडी होती, आणि त्या शांततेत झेंड्याच्या दोऱ्या खांबाला आपटल्याचा आवाज येत होता. दोन्ही बाजूंचे खेळाडू गुडघ्यावर बसले. झिंटरला गाडीवरून बाहेर नेलं, आणि अगदी पुढच्याच चालीत कोरम २२ यार्ड धावत एंड झोनमध्ये शिरला. उठून त्यानं बोटांनी आधी सहा दाखवले, मग पाच. झिंटरचा क्रमांक ६५.

शेवटी ३०-२४ असताना ओहायो स्टेट पुन्हा चाल करून येत होतं. पंचवीस सेकंद उरली होती. मिशिगनचा खेळाडू रॉड मूर यानं त्यांचा पास मध्येच पकडला. माझ्या शेजारच्या आजी बाकावर उभ्या राहून रडत होत्या. ऐंशीच्या तरी असतील.

१३. रोझ बोल कसा जिंकला? ओव्हरटाइमचा नियमही सांगा.

१ जानेवारी २०२४, कॅलिफोर्नियात पॅसाडेना. समोर अलाबामा आणि त्यांचे प्रशिक्षक निक सेबन. मिशिगननं त्या दिवशी लाथेच्या चेंडूंवर एकामागून एक चुका केल्या. पंट हातातून सुटला, फील्ड गोल हुकला. चौथ्या भागात १३-२० असे मागे पडलो.

साधारण पाच मिनिटं असताना ७५ यार्डांवरून शेवटची चाल सुरू झाली. स्वतःच्याच अर्ध्या मैदानात चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. हुकलं असतं तर सगळं संपलं होतं. मॅकार्थीनं शांतपणे कोरमकडे छोटा पास दिला आणि तो २७ यार्ड घेऊन गेला. पुढे १:३४ शिल्लक असताना रोमन विल्सननं टचडाउन केला. बरोबरी.

मग आणखी एक संकट. शेवटच्या मिनिटात अलाबामाचा पंट मिशिगनच्या खेळाडूच्या हातातून आपल्याच गोलरेषेपाशी सुटला. कसाबसा परत पकडला. अर्धा यार्ड मागे पडता तर सेफ्टी झाली असती आणि हंगाम तिथेच बुडाला असता.

ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना २५ यार्डांवरून एकेकदा चेंडू मिळतो. बरोबरी राहिली तर पुन्हा. दुसऱ्या फेरीपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून तर नुसते दोन गुणांचे प्रयत्न आळीपाळीनं. इथे तिथवर वेळ आली नाही. कोरमनं दोन धावांतच टचडाउन काढला, दुसरी १७ यार्डांची. अलाबामा तीन यार्डांपर्यंत आलं. चौथा प्रयत्न. त्यांचा क्वार्टरबॅक जेलेन मिलरो सरळ मधून घुसला आणि तिथेच गाडला गेला. २७-२०. सेबन यांचा तो शेवटचा सामना ठरला. नऊ दिवसांनी ते निवृत्त झाले.

१४. अंतिम सामना एकतर्फी झाला का?

गुणफलक तसं सांगतो, सामना तसा नव्हता. ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये मिशिगनच्या डॉनोव्हन एडवर्ड्सनं पहिल्याच भागात ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाउन केले. पण मध्यंतराला १७-१० होतं आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीला २०-१३. वॉशिंग्टनही चौदापैकी चौदा सामने जिंकून आलं होतं, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स कधीही पारडं फिरवू शकणारा खेळाडू. कोरमच्या टचडाउननं २७-१३ झाले, मग आपल्या माइक सेनरिस्टिलनं पेनिक्सचा पास पकडून ८१ यार्ड पळवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्यानंतर कोरमनं आणखी एक टचडाउन करून ३४-१३ केले, तो त्याचा हंगामातला धावून केलेला २७ वा. मिशिगनच्या इतिहासात एका हंगामात कुणाचेच एवढे नाहीत.

१५. मिशिगनचं हे कितवं विजेतेपद? काही ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

आकडा वेगळा दिसतो, कारण पूर्वी अंतिम सामनाच नव्हता. वेगवेगळ्या क्रमवाऱ्या आपापला विजेता जाहीर करायच्या. १९९७ मध्ये मिशिगनही अपराजित आणि नेब्रास्काही. पत्रकारांच्या क्रमवारीत मिशिगन पहिलं, प्रशिक्षकांच्या क्रमवारीत नेब्रास्का. त्यामुळे निर्विवाद विजेतेपदासाठी किती दशकं मागे जायचं यावर दोन जुने चाहते तासभर भांडू शकतात. २०२३ च्या विजेतेपदात मात्र कुणी वाटेकरी नाही.

१६. ते विजेतेपद काढून घेतलं का? कुठे तरी वाचलं होतं.

नाही. एनसीएएनं १५ ऑगस्ट २०२५ ला निकाल दिला. मोठा आर्थिक दंड केला, सगळं मिळून दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज तेव्हा मांडला गेला. चार वर्षांची देखरेख, नवे खेळाडू मिळवण्यावर बंधनं, हारबॉंवर दहा वर्षांचे आणि स्टॅलियन्सवर आठ वर्षांचे कडक निर्बंध. पण विजय कायम राहिले. विजय रद्द होतात ते मुख्यतः अपात्र खेळाडू खेळवला तर. इथे खेळाडू पात्र होते, दोष कर्मचाऱ्यांचा होता.

१७. खेळाडूंना पैसे मिळतात का? शिकतात कधी?

२०२३ मध्ये विद्यापीठाकडून पगार नव्हता. शिष्यवृत्तीत शिक्षण, राहणं, जेवण. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊन कमावण्याची मुभा होती. २०२५-२६ पासून न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. मला हे योग्य वाटतं. प्रशिक्षकांना वर्षाला लाखो डॉलर आणि ज्याची हाडं मोडतात त्याला काहीच नाही, हे पटणारं नव्हतं. अभ्यास मात्र खरोखरच कठीण जातो. प्रवासात, विमानात पुस्तकं उघडतात.

१८. पदवी चार वर्षांची, मग पाचव्या-सहाव्या वर्षीही तोच खेळाडू कसा?

तेव्हाचा नियम असा की पाच वर्षांत चार हंगाम खेळता यायचे. एखाद्या वर्षी चार किंवा त्याहून कमी सामने खेळला तर ते वर्ष धरत नसत. त्याला रेडशर्ट म्हणतात. शिवाय २०२० चा कोविडचा हंगाम कुणाच्याच खात्यात मोजला नाही, म्हणून २०२३ मध्ये सगळीकडे वयानं मोठे खेळाडू दिसत होते. दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेऊन आलेलेही होते.

१९. मॅकार्थी सामन्याआधी ध्यान करतो, ही अफवा आहे का?

अफवा नाही. सामन्याच्या आधी तो गोलपोस्टच्या खांबाला पाठ टेकून, मांडी घालून, डोळे मिटून बसायचा. भोवती बँड, कॅमेरे, सराव करणारे खेळाडू, आणि हा आपला स्थिर. माझ्या सासूबाईंना फुटबॉलमधलं तेवढंच आवडलं, आणि ते पाहून त्या पुढचा सामनाही बघत बसल्या.

२०. हंगामानंतर सगळे कुठे गेले?

हारबॉ २४ जानेवारीला लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले, दोनच दिवसांत मूर मुख्य प्रशिक्षक झाले. मिंटरही हारबॉंबरोबर गेले. एप्रिल २०२४ मध्ये व्यावसायिक संघांकडून होणारी नव्या खेळाडूंची निवड आमच्या डेट्रॉइटमध्येच झाली, तिथे मिशिगनचे १३ खेळाडू निवडले गेले. मॅकार्थी दहाव्या क्रमांकावर, मिनेसोटा व्हायकिंग्सकडे. पाय मोडलेला झिंटरही त्या तेरांत होता.

२१. मुलगी यंदा ॲन आर्बरला चालली आहे. सामन्याला जावं का? आम्ही भेटायला येऊ तेव्हा काय करावं?

तिनं विद्यार्थ्यांचं हंगामाचं तिकीट घ्यावं, हंगामाआधीच विक्री होते. तुम्ही आलात तर सप्टेंबरमधला एखादा हलका सामना पाहा. तिकीट परवडतं, हवा छान असते. ओहायो स्टेटचं तिकीट फार महाग पडतं. पाठ टेकायला काही नसलेले बाक आहेत, मागे-पुढे गुडघे लागतात. आत पिशवी नेण्याचे नियम कडक आहेत, निघण्याआधी एकदा पाहून घ्या.

सकाळी लवकर पोचा. लोक गाड्या लावून शेगड्या पेटवतात, ओळख नसताना हाक मारून खायला देतात. आम्ही साबुदाणा वडे आणि थर्मासमध्ये चहा नेतो, आणि दर वेळी वडे आमच्या वाट्याला येण्याआधीच संपतात. बोगद्यातून खेळाडू धावत येतात आणि उडी मारून मैदानावरच्या निळ्या फलकाला हात लावतात, तेव्हा जागेवर असायलाच हवं.

२२. भारतातून पाहायचं तर किती वाजता?

दुपारी बाराचा सामना नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तुमच्याकडे रात्री साडेनऊला, घड्याळं बदलली की साडेदहाला. संध्याकाळचे सामने पहाटे. २०२३ च्या हंगामातला रोझ बोल भारतात २ जानेवारीच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू झाला होता. नाशिकला माझा भाऊ रजई पांघरून, आवाज बंद करून बघत होता, कारण बाकीचं घर झोपलेलं. मिलरोला पाडलं तेव्हा तिकडे सात वाजून गेले होते. त्याचा फोन आला, मागून दूधवाल्याची बेल ऐकू येत होती, आणि तो कुजबुजत्या आवाजात विचारत होता, "ताई, आता फायनल कधी?"